अमाल्फी की पूल्या? मोजक्या युरोंचा हिशोब

शेंगेन व्हिसाचे ९० युरो भरले की इटलीचा खर्च तिथेच सुरू होतो. वर व्हिसा केंद्राचं शुल्क, किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, विमानाचं तिकीट. हे सगळं वजा जाता उरलेल्या पैशात दक्षिणेचं ऊन आणि निळं पाणी बसवायचं, तर दोन नावं हमखास पुढे येतात. एक नेपल्सच्या खालचा अमाल्फीचा किनारा, दुसरी इटलीच्या बुटाची टाच, म्हणजे पूल्या.

मी दोन्हीकडे पैसे मोजत फिरले आहे, म्हणून कौल आधीच देते. हातात आठवडा असेल तर पूल्या. रोमहून तीन दिवस काढता येणार असतील तर अमाल्फी, पण मुक्काम सालेर्नोला.

अमाल्फीला डोंगर सरळ समुद्रात उतरतो, सपाट जागा जवळपास नाहीच. त्यामुळे खोल्या थोड्या आणि त्यांवर साऱ्या जगाची झुंबड. या किनाऱ्यावरच्या पोझितानो गावात ऐन मोसमात दोघांची खोली दीडशे-दोनशे युरोंच्या खाली मिळाली तर नशीब समजा. सालेर्नो मात्र रोजच्या कामधंद्याचं बंदराचं गाव. रोमहून थेट गाडी येते, स्टेशनपासून फेरीबोटीचा धक्का चालत पाच-दहा मिनिटांवर, आणि खोल्यांचे दर पोझितानोच्या निम्म्यावर. पूल्यात तर बारी किंवा लेच्चेला ऑगस्ट सोडून ६० ते ९० युरोंत दोघांची नेटकी सोय होते. शहर-कर दोन्हीकडे माणशी, दर रात्रीचा. बऱ्याच ठिकाणी तो रोख मागतात, सुटे जवळ ठेवा.

अमाल्फीची खरी परीक्षा बसची. सालेर्नो ते अमाल्फी बसला तीन युरोंच्या आसपास पडतात, फेरीला त्याच्या तिपटीहून जास्त. पण रस्ता एकच, अरुंद आणि नागमोडी. जुलैमध्ये मधल्या एका थांब्यावर मी दोन भरलेल्या बसना नुसता हात दाखवत उभी होते. बस पहिल्या थांब्यावरूनच धरावी, आणि परतीचं तिकीटही सकाळीच तंबाखूच्या दुकानातून घेऊन ठेवावं. एकदा तरी फेरीचे पैसे जरूर मोजा, कारण तो किनारा पाण्यावरूनच नीट दिसतो. वारा सुटला की बोटी रद्द होतात, हे मात्र धरून चाला.

आणि जे सगळ्यात सुंदर आहे ते तिथे फुकट आहे, हे अमाल्फीच्या बाजूने सांगायलाच हवं. बोमेरानोहून नोचेल्लेपर्यंत जाणारी ‘देवांची वाट’ सहा-सात किलोमीटरची. तिकीट नाही, उजवीकडे कडा, डावीकडे खोल खाली समुद्र. नोचेल्लेहून पोझितानोत उतरायला सतराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर तिथून बस घ्या. अमाल्फी गावातून दहा मिनिटं चालत गेलं की अत्रानी लागतं. क्षेत्रफळाने इटलीतली सगळ्यात छोटी नगरपालिका. तिथल्या चौकात बसून मला अमाल्फीपेक्षा बरं वाटलं.

पूल्याचा जोर वेगळा आहे. तिथे एखादं दृश्य डोळे दिपवत नाही, पण दिवसभर हात खिशाकडे जात नाही. बारी ते लेच्चे या मुख्य मार्गावर पोलिन्यानो, मोनोपोली, ओस्तूनी अशी गावं ओळीने येतात. बारीहून पोलिन्यानोचं साध्या गाडीचं तिकीट तीन युरोंच्या घरात. ओस्तूनीचं स्टेशन तेवढं गावापासून दूर, वर जायला बस पकडावी लागते. शंकूसारख्या छपरांच्या त्रुल्ली घरांच्या आल्बेरोबेल्लोला छोटी रेल्वे जाते, पण रविवारी तिथला बेत आखू नका. त्या दिवशी स्थानिक गाड्या तुरळक, काही मार्गांवर बंदच, बदल्यात बस. गुहांतल्या घरांच्या मातेरालाही तेच. ते पूल्यात नाही, शेजारच्या बाझिलिकातात आहे, पण बारीहून दिवसात होतं आणि चुकवू नये.

पोहायचं असेल तर ‘स्प्याज्जा लिबेरा’ हे दोन शब्द शिकून घ्या. तो फुकटचा किनारा. बाकी ठिकाणी छत्री आणि खुर्चीचं भाडं. अमाल्फीत फुकटची पट्टी म्हणजे गोट्यांवर टॉवेलभर जागा. पूल्यात मोनोपोलीच्या आसपास किनाऱ्यात आत शिरलेल्या लहान लहान खोबणी आहेत, खाली पोर्तो चेझारेओकडे वाळू. सालेंतोच्या, म्हणजे टाचेच्या त्या टोकाला गाडीशिवाय वेळ फार जातो, हे खरं. पण भाड्याची गाडी म्हणजे आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना, आणि जुन्या गावांतल्या वाहन-बंदी क्षेत्रात कॅमेऱ्याने टिपलं की कित्येक महिन्यांनी घरी येणारा दंड. मी त्या वाटेला गेले नाही.

आता पोटाचं, कारण शाकाहारी माणसाचा निर्णय इथेच होतो. नेपल्स-सालेर्नोकडे पिझ्झ्याने भागतं, चौथ्या दिवशी कंटाळा येतो. पूल्याचं गरिबाघरचं जेवणच मुळात भाजी-कडधान्यांचं. ‘फावे ए चिकोरिया’ म्हणजे वाळलेल्या बाकल्याचं दाट पिठलंच म्हणा, बाजूला किंचित कडू पालेभाजी, वर ऑलिव्हचं तेल. लेच्चेकडे ‘चिचेरी ए त्रिया’, छोले घातलेला पास्ता. बारीत टोमॅटो-ऑलिव्हच्या फोकाच्चा पावाचा दोन-तीन युरोंचा तुकडा दुपारचं जेवण होतो, आणि पॅनझेरोत्तो म्हणजे चीज-टोमॅटो भरून तळलेली मोठी करंजी. दोन ठिकाणी जपा. ओरेक्किएत्ते पास्त्याच्या हिरव्या भाजीत बहुधा अँकोव्ही मासळी विरघळवलेली असते, आणि लेच्चेच्या पास्तिचोत्तो या भरल्या गोड पेस्ट्रीच्या पारीत पूर्वापार डुकराची चरबी घालतात. ‘स्ट्रुत्तो?’ (चरबी?) एवढं विचारलं तरी दुकानदाराला कळतं. कॉफी उभ्याने प्यायची. टेबलाशी बसलात की दर बदलू शकतो. जेवणाच्या बिलात माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलाचा आकार, दिसला तर भांडू नका, तो बहुतेक ठिकाणी लावतात.

आई-वडील सोबत असतील तर मला विचारच करावा लागत नाही. अमाल्फी म्हणजे पायऱ्या. तिथल्या नुसत्या कॅथेड्रलच्या दारापर्यंत ६२ आहेत. बारीची जुनी वस्ती सपाट, संत निकोलसचं चर्च पाहायला पैसे नाहीत. या संताच्या अस्थी १०८७ साली बारीचे खलाशी आजच्या तुर्कस्तानातल्या मायराहून घेऊन आले. लेच्चेतल्या प्रमुख चर्चना मात्र आता एकत्रित तिकीट आहे, तेवढं धरा.

१५ ऑगस्टच्या आगेमागे कुठेच जाऊ नका. फेर्रागोस्तोच्या सुट्टीला अर्धी इटली किनाऱ्यावर असते आणि दर आभाळाला. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा उत्तम, खोल्यांचे दर उतरलेले आणि पाणी अजून कोमट. शाळेच्या सुट्टीमुळे मेमध्येच जाणं भाग असेल तर ऊन मिळेल, पण पाणी गारच. मुलं तरीही उतरतात, आपण काठावर पॅनझेरोत्तो खात बसायचं.