बेळगावचं एक सिम, कोल्हापूरचं एक: सीमाभागात फिरताना मोबाईल डेटाचा अनुभव

औषधांच्या ऑर्डरी घेत बेळगाव, निपाणी, चंदगड आणि चोर्लामार्गे गोव्यात साखळीपर्यंत फिरणं हे माझं काम. ऑर्डर ॲपवर जाते, पैसे यूपीआयनं येतात. डेटा गेला की काम थांबलं. म्हणून फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवली: एक बेळगावात घेतलेलं, एक कोल्हापुरात. पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही पाहून झालेत, आता खात्रीनं लिहू शकतो.

टिळकवाडी, कॅम्प, खडेबाजार, किंवा हायवेला संकेश्वर-निपाणी, इथं कुठलंही सिम चालतं. कोगनोळीला हद्द ओलांडताना चालू कॉल कधीमधी तुटतो, एवढंच. खरा कस लागतो वेंगुर्ला रोडला.

हिंडलगा, उचगाव, तुरमुरी, बाची मागं पडली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. मोबाईलसाठी देशाचे 22 सर्कल पाडलेत. बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये, चंदगड महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. कंपनी तीच असली तरी फोनच्या लेखी पलीकडचं नेटवर्क परकं, आणि घरचं नेटवर्क तो सहसा शेवटपर्यंत सोडत नाही. शिनोळीत पलीकडचा सिग्नल चांगला असतानाही बेळगावचं सिम बाचीकडचा अशक्त सिग्नल धरून बसतं. एक कांडी दिसते, पण पान उघडत नाही. वर बॅटरी झपाट्यानं उतरते, कारण लांबच्या टॉवरपर्यंत पोचायला फोनला जास्त ताकद लावावी लागते. बाची आली की मी डेटा सरळ कोल्हापूरच्या सिमवर टाकतो आणि पाटणे फाट्यापर्यंत निर्धास्त असतो. एकच सिम असेल तर सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड ऑटोमॅटिकवरून काढून हातानं करा, परतल्यावर पुन्हा ऑटोमॅटिक ठेवा.

डेटा रोमिंगचं बटण चालूच ठेवा. पैसे कापतील या भीतीनं आपल्याकडं अजून कितीतरी जण ते बंद ठेवतात आणि हद्दीपलीकडं नेट नाही म्हणून हैराण होतात. मोठ्या कंपन्यांच्या नेहमीच्या पॅकवर देशात रोमिंगचे वेगळे पैसे पडत नाहीत. परदेशाचं गणित वेगळं.

चोर्ला रस्त्याचं दुखणं निराळं आहे. पिरनवाडी सोडून जांबोटीपर्यंत ठीक. पुढं कणकुंबीकडं जाताना दाट रान, विरळ वस्ती, मध्ये डोंगर. 700 ते 900 मेगाहर्ट्झच्या लहरी लांब पोचतात, झाडीतूनही बऱ्यापैकी जातात. 2300 किंवा 3500च्या तिथं दम तोडतात. त्यामुळं शहरात सुसाट पळणारी कंपनी घाटात मुकी होते, आणि शहरात रडतखडत चालणारी इथं निदान मेसेज पोचवते. सिमं दोन कंपन्यांची हवीत ती यासाठीच. या टप्प्यात मी फोन 4जीवर बांधून ठेवतो, नाहीतर 5जी शोधण्यात त्याचा जीव जातो. नकाशा बेळगावातच डाउनलोड करून घेतो. जीपीएस उपग्रहांवर चालतं, त्याला डेटा लागत नाही. आणि खिशात रोकड हवीच. घाट उतरून साखळीकडं आलो की कोल्हापूरचं सिम घरच्या सर्कलमध्ये असतं.

आपण तासाभरात घाट पार करतो. पण त्या पट्ट्यातल्या पोरांनी ऑनलाइन फॉर्म भरायला सिग्नल शोधत टेकाडावर का चढावं? हायवेला एकेका ठिकाणी तीन-तीन कंपन्यांचे टॉवर उभे आहेत. त्यातल्या एखाद्या कंपनीनं तरी कणकुंबीकडं बघायला हवं.

आणखी एक सोय बघून ठेवा. एका सिमवर बोलत असताना दुसऱ्याचा डेटा बहुतेक फोनमध्ये थांबतो. कॉलदरम्यान डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेणारं सेटिंग असलेलाच फोन घ्या.

दुसऱ्या सिमचा रिचार्ज हा जादा खर्च आहे. चंदगड, आंबोली, चोर्ला या बाजूला नेहमी जाणाऱ्यांनी तो करावा, वसूल होतो. फक्त हायवेनं कोल्हापूरला ये-जा असेल तर गरज नाही.