लिबरऑफिस रायटर: दुसऱ्यांच्या वर्ड फाइल्स सांभाळून सांभाळून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू घरी बसून पत्र टाइप करणाऱ्यांसाठी नाहीये, त्यांना कुठलंही ऑफिस चालतं. माझं काम म्हणजे पाच जणांकडून पाच तुकडे घ्यायचे (कुणी वर्डमधे लिहिलेलं, कुणी गूगल डॉक्समधून डाउनलोड करून पाठवलेलं, एकजण अजून जुनी डॉक फाइलच पाठवतो) आणि त्या सगळ्याचा चार्ट, टेबलं, फोटो, तळटीपा, अनुक्रमणिका असलेला एक रिपोर्ट करून परत वर्डवाल्याच क्लायंटकडे पाठवायचा, आणि हे सगळं मी लिबरऑफिसमधे करते (फुकट मिळणारं ऑफिस, त्यातला वर्डच्या जागचा भाग म्हणजे रायटर). पाचपैकी साडेतीन स्टार. आता का ते.

लोकं विचारतात "डॉकएक्स उघडतं का त्यात?" अहो उघडतं हो, उघडायचं काय. डॉकएक्स म्हणजे वर्डची आताची फाइल, ती काही तिजोरी नाहीये, साधी झिप फाइल आहे, नावाच्या शेवटचं .docx बदलून .zip करा आणि उघडा, आत एक्सएमएलच्या फायली आणि मीडिया नावाच्या फोल्डरमधे तुमचे फोटो पडलेले दिसतील. ओडीटीचंही, म्हणजे रायटरच्या स्वतःच्या फाइलचंही, तसंच. ओडीटी ज्यात येते ते ओडीएफ २००६ मधे आयएसओचं स्टँडर्ड झालं, डॉकएक्सवालं ओओएक्सएमएल २००८ मधे, आणि त्याची कागदपत्रं सहा हजार पानांच्या वर आहेत. तेव्हा प्रश्न उघडण्याचा नाहीचे. उघडल्यावर पान १२ वरचं पान १२ वरच आहे का, हा प्रश्न आहे.

आणि इथे पहिला झटका नेहमी फॉन्टचा बसतो. फाइलमधे फॉन्ट नसतो, फॉन्टचं फक्त नाव असतं (एम्बेड केला, म्हणजे फाइलच्या आतच घातला नसेल तर). समोरच्यानं कॅलिब्रीत लिहिलं आणि तुमच्याकडे कॅलिब्री नाही, की तुमचं मशीन दुसरा काहीतरी घालतं, तो जरा रुंद निघाला की ओळीच्या शेवटचा एक शब्द खाली जातो, परिच्छेद एका ओळीनं वाढतो, टेबल पुढच्या पानावर ढकललं जातं आणि चाळीस पानांचा रिपोर्ट त्रेचाळीसचा होतो. कुणी एक अक्षर बदललेलं नसतं. लिबरऑफिसला पहिला मोठा स्टार इथेच देते, कारण कॅलिब्रीच्या जागी ते कार्लिटो घालतं, कँब्रियाच्या जागी कॅलाडिया, आणि एरियल-टाइम्ससाठी लिबरेशन फॉन्ट आहेत. ह्यांची अक्षरं दिसायला वेगळी असली तरी रुंदी मापात तीच, त्यामुळे ओळी तिथेच तुटतात. वर फॉन्टच्या चौकटीत नाव तिरकं दिसलं तर समजायचं की हा फॉन्ट तुमच्याकडे नाहीये, पर्यायी लावलाय. फाइलमधे मात्र कॅलिब्रीचंच नाव राहतं, म्हणजे परत पाठवल्यावर त्यांच्याकडे त्यांचंच दिसतं. किती जणांना ती तिरकी अक्षरं कधी दिसलीच नाहीत देव जाणे, मला स्वतःला दोन वर्षं नव्हती दिसली.

मराठीचं प्रकरण वेगळंच. एकदा कुठल्याशा प्रोग्रॅमनं आपोआप बनवलेली डॉकएक्स आली, साइज १४ केलेली, इंग्रजी शब्द छान १४ चे आणि मराठी सगळं १२ लाच चिकटलेलं. मी सिलेक्ट करून परत १४, परत १४, काही नाही. शेवटी झिप उघडून बघितलं तर आत साइजचे दोन वेगळे टॅग असतात, एक इंग्रजीसारख्या लिप्यांचा आणि एक देवनागरी-अरबीसारख्या लिप्यांचा, आणि आकडे अर्ध्या पॉइंटात, म्हणजे १४ साठी २८ लिहिलेलं. त्या प्रोग्रॅमनं पहिल्यात २८ टाकलं होतं, दुसऱ्याला हातच लावला नव्हता, तिथे स्टाइलमधलं (मजकूर कसा दिसावा ह्याच्या आधीच ठरवलेल्या साच्यातलं) २४ चालू. बोल्डचंही असंच, दोन टॅग. म्हणजे ना वर्डची चूक ना लिबरऑफिसची, दोघंही बिचारे जे लिहिलंय ते दाखवत होते. लिबरऑफिसमधे भाषेच्या सेटिंगमधे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू केलं की कॅरेक्टरच्या डायलॉगमधे दोन्ही फॉन्ट आणि दोन्ही साइज वेगवेगळे सेट करता येतात. मी ते स्टाइलमधेच एकदा ठोकून टाकलं आणि साठ पानं एका क्लिकमधे सरळ. मराठीत काम करणाऱ्यानं हे पहिल्या दिवशी चालू करून ठेवावं.

आता फोटो. वाहणारे फोटो! डॉक्युमेंटमधे फोटो टाकला म्हणजे तो कशाला तरी बांधलेला असतो, पानाला, परिच्छेदाला नाहीतर एखाद्या अक्षरासारखा ओळीतच. पानाला बांधलेला फोटो दुसऱ्या ऑफिसमधे उघडला की मजकूर सरकतो आणि फोटो तिथेच उभा, खालचं कॅप्शन भलत्याच फोटोखाली. मी सरसकट सगळे "ॲज कॅरेक्टर" करून टाकते, दिसायला साधं दिसतं, चौकटीभोवती मजकूर वगैरे नखरे नाहीत, पण इकडून तिकडे तीन वेळा गेलं तरी जागचं हलत नाही. टेक्स्ट बॉक्सात टेक्स्ट बॉक्स आणि त्यात बाण असलं काही कुणी केलं असेल तर सरळ त्याचा पीएनजी करून लावा, भांडत बसू नका. स्मार्टआर्टचं (वर्डमधल्या तयार आकृत्यांचं) चित्र लिबरऑफिस बऱ्यापैकी दाखवतं पण ते साधे आकार म्हणून. वर्डमधे जसं यादीत एक ओळ वाढवली की आकृती आपोआप वाढते तसं इथे होत नाही. मॅक्रोचं, म्हणजे फाइलमधे लिहून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं, तर नावच नको.

पानांच्या मांडणीत दोघांचा विचारच वेगळा आहे आणि हे समजायला मला फार वेळ लागला. वर्डमधे सेक्शन असतात (डॉक्युमेंटचे भाग, प्रत्येकाची पानाची मांडणी वेगळी ठेवता येते), रायटरमधे पेज स्टाइल (पानाच्या मांडणीचा साचा). एक पान आडवं करायचं असेल तर वर्डवाला सेक्शन ब्रेक टाकतो, रायटरला त्याची पेज स्टाइल करावी लागते, मग ते आपल्या मनानं कन्व्हर्टेड१, कन्व्हर्टेड२ अशा स्टाइल बनवत जातं. पाच जणांचे तुकडे जोडले की ह्या कन्व्हर्टेडांची अशी फौज तयार होते की हेडर कुठल्या स्टाइलचं कुठे बदलायचं हे शोधण्यात अर्धा दिवस जातो. एक अख्खा स्टार ह्यासाठी कापला. अर्धा कापला तो चार्टसाठी, रंग आणि लेबलं कधीकधी थोडी इकडेतिकडे होतात म्हणून.

पण खरं सांगू का, पहिल्या वर्षी मी ज्या ज्या गोष्टींसाठी लिबरऑफिसला शिव्या घातल्या त्यातल्या निम्म्या माझ्याच होत्या. सहीच्या जागा स्पेस दाबून दाबून ओळीत आणलेल्या, नवीन पान म्हणजे चौदा वेळा एंटर, हेडिंग म्हणजे हातानं मोठं आणि जाड केलेलं. असली फाइल एकाच मशीनवर, एकाच प्रिंटरवर उभी राहते, जरा हलवली की कोसळते. "मॅडम, सह्यांचं पान कोरं आलंय आणि सह्या पुढच्या पानावर आहेत" असा फोन आला होता, तोंड लपवायला जागा नव्हती. तेच स्टाइल लावून, टॅब स्टॉप देऊन, सीमा नसलेल्या टेबलात सह्या बसवून केलं तेव्हापासून तो फोन आलेला नाही.

ह्या सगळ्याचा विचार कुणी आधी केलाच नव्हता असं समजू नका बरं का. १९८९ मधे आयएसओ ८६१३ नावाचं स्टँडर्ड आलं होतं, ओडीए म्हणायचे त्याला, मजकूर, चित्रं आणि आकृत्या एकत्र असलेलं डॉक्युमेंट वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिस्टिममधे पाठवायचं कसं ह्यासाठीच. बाजारात ते चाललं नाही, पण त्यांनी डॉक्युमेंटचे तीन प्रकार केलेले: एक नुसतं जसंच्या तसं बघायचं, दुसरं बदलता येण्यासारखं, आणि तिसरं दोन्ही एकत्र. मी हे वाचलं आणि म्हटलं अरे हेच तर आपलं रोजचं भांडण आहे! समोरच्याला फक्त बघायचं असतं आणि आपण डॉकएक्स पाठवतो, नाहीतर बदल करायचे असतात आणि आपण पीडीएफ पाठवतो, मग तो पीडीएफ वर्डमधे उघडतो आणि टेबलांचा चिवडा करून परत पाठवतो. आता मी पाठवायच्या आधी तेवढंच विचारते, बघायचंय का बदलायचंय. बघायचं असेल तर पीडीएफ, बदलायचं असेल तर डॉकएक्स, आणि ओडीटी माझ्याजवळ मूळ म्हणून. काम चालू असताना ओडीटीतच सेव्ह करते, डॉकएक्स फक्त शेवटी एकदा काढते, प्रत्येक सेव्हला भाषांतर नको.

आणि तो तिसरा प्रकार लिबरऑफिसमधे आहे! पीडीएफ एक्सपोर्ट करताना हायब्रिड पीडीएफचा एक टिक आहे, तो लावला की पीडीएफच्या पोटात अख्खी ओडीटी जाते. कुणीही साध्या पीडीएफ रीडरमधे उघडली तर पान जसंच्या तसं, लिबरऑफिसमधे उघडली तर थेट एडिट करायला तयार. फाइल एकच. वर्डवाल्याला ह्याचा उपयोग नाही, पण दोन्हीकडे लिबरऑफिस असेल तर ह्याच्यासारखं सुख नाही. मला हे सापडलं त्या आठवड्यात मी दिसेल त्याला हायब्रिड पाठवत सुटले होते.

फक्त एक लक्षात ठेवा, पोटातली ओडीटी म्हणजे अख्खी ओडीटी, ट्रॅक केलेले बदल आणि कॉमेंट्ससकट. पीडीएफमधे दिसत नाही म्हणून नाही असं नसतं. एका मसुद्यात माझ्या सहकाऱ्यासाठी मी बाजूला कॉमेंट टाकली होती, "हा परिच्छेद त्यांना आवडणार नाही, पण राहू दे". ह्या क्लायंटकडे मात्र लिबरऑफिस होतं. दोन दिवसांनी फाइल परत आली, पानं सगळी जागच्या जागी, टेबल शाबूत, आणि माझ्या कॉमेंटखाली रिप्लाय: "खरंय, नाही आवडला."