चिल्लरीतलं विचित्र नाणं: ठेवायचं की खर्चायचं?

गड्ड्याच्या यात्रेत किंवा मंगळवार बाजारात सुट्या पैशांत वेगळंच नाणं हाती आलं, तर आधी एवढंच ठरवायचं: दोष टांकसाळीतला की बाहेरचा?

ठसा सरकलेल्या नाण्यात चित्र एका अंगाला जातं, उरलेली जागा कोरी राहते, आणि हे दोन्ही बाजूंना दिसतं. हातोडीनं ठोकलेल्या नाण्यात सगळी अक्षरं असतात, फक्त चेपलेली. ते खुशाल खर्चा.

कड तुटलेल्या नाण्यात फसगत जास्त. पत्र्यातून चकत्या कापताना पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही, तर नव्या चकतीत आधीच्या छिद्राची गोलाई उतरते. अशा नाण्याची तुटीच्या बरोबर समोरची किनार बहुधा पुसट असते. कानशीनं घासलेल्या नाण्यात समोरची किनार ठसठशीत राहते. इथे सराफाचा काटा निर्णय देत नाही, कारण दोन्ही हलकीच भरतात.

अक्षर गायब असेल तर शेजारची अक्षरं पाहा. ती धारदार असतील तर ठशात वंगण साचलं होतं, सगळीच गुळगुळीत असतील तर नुसती झीज. दहाच्या नाण्याची रिकामी कडी मात्र विकत घेऊ नका. मधला गाभा घरीही ठोकून काढता येतो.

नवशिक्यानं शोधावा तो फिरलेला ठसा. नाणं वरून-खालून चिमटीत धरा आणि पान उलटावं तसं फिरवा. आपल्या नाण्यांची मागची बाजूही सरळच दिसायला हवी. थोडा कल नेहमी आढळतो. आडवं किंवा पूर्ण उलटं दिसलं तर जरूर ठेवा. हा दोष कानस-हातोडीनं करता येत नाही, आणि तो नाण्याच्या किमतीतच मिळतो, म्हणून मला तो सगळ्यांत प्रिय आहे. सालाखालची खूणही टिपून ठेवा: पत्त्यांतली चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकाता.

वैष्णोदेवीचं २०१२ चं नाणं यात बसत नाही. ते स्मरणार्थ काढलेलं, निर्दोष नाणं आहे. त्याचे लाखो रुपये देतो म्हणणाऱ्यानं आधी शुल्क मागितलं तर फोन ठेवा; जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारांबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच सावध केलं आहे.

ठेवायचं ठरलंच, तर चिंचेनं घासू नका. घासलेलं नाणं जाणकार संग्राहक बाजूला सारतो.