डेक्कनचा मेडिकल कोडिंग क्लास: ट्रॉमाचा भाग अप्रतिम, बाकीचा ठीक

हा अभिप्राय शनिवार-रविवारच्या ॲडव्हान्स्ड बॅचबद्दल आहे, त्यातही मुख्यतः ट्रॉमाबद्दल, म्हणजे इजांच्या कोडिंगबद्दल. मी मूळची नर्स. बरीच वर्षं कॅज्युअल्टीत काढली, आता खराडीत अमेरिकन हॉस्पिटलांच्या सर्जरी चार्टचं कोडिंग करते, म्हणजे नोंदीतल्या इजा, आजार आणि ऑपरेशनना विम्याच्या बिलासाठी ठरलेले कोड लावते. पुण्यात कोडिंगचे क्लास पुष्कळ आहेत, पण बहुतेक ठिकाणी सीपीसीचे (कोडरच्या प्रमाणपत्र परीक्षेचे) प्रश्न सोडवून घेण्यावरच भर असतो. १०० प्रश्न, ४ तास, पुस्तकं उघडी ठेवून परीक्षा; सरावाने माणूस पास होतो. खरी ऑपरेशन नोट समोर आली की मात्र तो सराव पुरत नाही. या क्लासमध्ये नोट वाचायला शिकवतात, आणि म्हणूनच एवढं सविस्तर लिहितेय.

मानेच्या भेदक जखमांवर शिकवणाऱ्या मॅडमनी भरपूर वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. एवढ्याशा जागेत श्वासनलिका, अन्ननलिका, कॅरोटिड धमनी, जुग्युलर शीर, थायरॉइड, मणके, नसा असं सगळं दाटीने बसलेलं. त्यांनी फळ्यावर मान काढून तीन झोन पाडले: गळपट्टीच्या हाडापासून क्रिकॉइडपर्यंत (स्वरयंत्राखालची कूर्चेची कडी) पहिला, तिथून जबड्याच्या कोनापर्यंत दुसरा, त्याच्या वर कवटीच्या तळापर्यंत तिसरा. मग म्हणाल्या, "आयसीडीच्या, म्हणजे आजार आणि इजांच्या, कोडमध्ये झोनला जागा नाही. झोन वाचायचा तो पुढे नोटमध्ये काय शोधायचं हे कळण्यासाठी." माझ्या टीममधल्या मुली झोन वाचून पुढे सरकतात, कारण त्याचा कोड मिळत नाही. पण पहिला झोन म्हटलं की छातीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांचा उल्लेख शोधायला हवा, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

सरावाची एक नोट सांगते. डावी बाजू, दुसरा झोन, प्लॅटिस्मा (मानेच्या त्वचेखालचा पातळ स्नायू) भेदलेला, इंटर्नल जुग्युलर व्हेनला कडेने फाट, ती शिवली, श्वासनलिका शाबूत, जखमेत बाहेरची वस्तू नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणांचा हात थेट एस११ कडे गेला, म्हणजे मानेची उघडी जखम. मॅडमनी एस१५ उघडायला लावलं, म्हणजे मानेतल्या रक्तवाहिन्या. शीर पूर्ण तुटलेली नाही, म्हणून मायनर लॅसरेशन, डावी बाजू: एस१५.३१२ए. पूर्ण तुटली असती तर मेजर, एस१५.३२२ए. उघड्या जखमेचा एस११ सोबत जोडायचाच, पण मुख्य इजा रक्तवाहिनीची असल्यामुळे क्रमात एस१५ आधी. त्वचेची जखम मुख्य आणि रक्तवाहिनीला किरकोळ धक्का असता, तर क्रम उलटला असता. मग प्रोसिजर. मानेची भेदक जखम उघडून तपासण्याचा सीपीटी (प्रोसिजरचा) कोड २०१००. पण इथे शीर शिवलीय, म्हणून ३५२०१ लागतो आणि २०१०० सोडून द्यायचा. दोन्ही लावले तर क्लेम परत येतो. ही एक नोट सुटेपर्यंत चहाची वेळ टळून गेली आणि कुणी जागचं हललं नाही.

डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे नोंदीबद्दलचा लेखी प्रश्न, कशी लिहायची, हा भाग तर मी आमच्या ऑफिसात सगळ्यांना सक्तीचा करीन. नोटमध्ये नुसतं "नेक लॅसरेशन, सुचर्ड" असेल तर कोडरच्या हाती एस११.९१एक्सए उरतो, मानेचा अनिर्दिष्ट भाग. रुग्ण मरणाच्या दारातून परत आला असला तरी कागदावर खरचटल्यासारखं दिसतं. अशा वेळी "प्लॅटिस्मा भेदला होता ना?" असं विचारून उत्तर डॉक्टरांच्या तोंडी घालायचं नाही. "जखम कुठल्या थरापर्यंत होती ते कृपया नोंदवावे" असं विचारायचं. मॅडमनी प्रत्येकाची क्वेरी मोठ्याने वाचून घेतली आणि सूचक शब्दांवर लाल पेनने रेघ मारली.

कॅज्युअल्टीत काम केलेल्या माणसाच्या मनाला अशी तोकडी नोंद फार लागते. आपल्याकडे जखम कशीही असो, घाईत "सीएलडब्ल्यू" (ठेचून फाटलेली जखम) लिहून मोकळं होतात. मांजाने चिरलेला गळा म्हणजे धारदार काप. ठेचून फाटलेली जखम वेगळी. आयसीडीत दोन्ही लॅसरेशनमध्येच जातील, पण एमएलसीच्या (पोलिसांकडे जाणाऱ्या केसच्या) कागदावर हत्यार कोणतं याचा माग त्या नोंदीवरूनच लागतो. २०१८ मध्ये नाशिक फाट्याच्या पुलावर दुचाकीवरून जाणाऱ्या एका तरुण डॉक्टरचा मांजाने गळा चिरून जीव गेला. तेव्हापासून दर संक्रांतीला मी कॅज्युअल्टीतल्या जुन्या मैत्रिणींना बजावते: बाजू, खोली, कशाने लागलं, गाडीवर होता की पायी, रक्ताला जोर किती, जखमेतून हवेचे बुडबुडे येत होते का, आवाज घोगरा झालाय का, सगळं लिहून ठेवा.

आणि नेमका इथेच क्लास कमी पडतो. इजेच्या बाह्य कारणांचे कोड शेवटच्या तासात उरकले. चाकूचा अपघात डब्ल्यू२६.०, चाकूने हल्ला एक्स९९.१, स्वतःहून केलेली इजा एक्स७८.१, एवढं फळ्यावर लिहिलं आणि पुढे. हेतू नोंदलाच नसेल तर अपघात धरायचा, आणि "अनिर्धारित" हा कोड फक्त हेतू ठरवता येत नाही असं नोटमध्ये लिहिलेलं असेल तरच लावायचा, हा नियम मॅडमनी सांगितला खरा, पण त्यावर एकही नोट सोडवून घेतली नाही. मानेच्या जखमांमध्ये हल्ला आणि आत्महत्येचा प्रयत्न या शक्यता कायम समोर असतात. इथे अर्धा दिवस द्यायला हवा.

बाकी: खोली लहान आहे, मागच्या बाकावरून फळ्याची उजवी कड दिसत नाही. नोट्सच्या झेरॉक्स फिकट येतात. एखादा आकडा नीट दिसला नाही तर कोडच बदलतो, तेव्हा यावर पैसे वाचवू नयेत. फी इतरांसारखीच, दोन हप्त्यांत घेतात. अगदी नवख्यांनी आधी बेसिक बॅच करावी, शरीररचना कच्ची असेल तर इथे पहिल्याच दिवशी दमछाक होईल. नर्सिंग, फिजिओ, बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यांना मात्र नक्की सांगेन. कोडबुक जुनं, कुणाकडून मागून आणलेलं नको. दर १ ऑक्टोबरला आयसीडीचे कोड बदलतात आणि मॅडम चालू वर्षाच्याच पुस्तकातून पान सांगतात. गाडी शक्यतो आणू नका, गल्लीत लावायला जागा मिळत नाही, डेक्कनच्या मेट्रो स्टेशनवरून चालत या.