पवित्र पोर्टल : निवड चोख, पुरवठा अपुरा

राज्यातील शाळांना शिक्षक मिळवून देणारी सेवा म्हणून ‘पवित्र’ पोर्टलकडे पाहिले, तर तिचे मोजमाप दोन प्रश्नांवर करावे लागते. निवड न्याय्य होते का आणि वर्गाला शिक्षक वेळेत मिळतो का? पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर बऱ्याच समाधानाने ‘होय’ असे आहे. दुसऱ्या प्रश्नावर ही सेवा कमी पडते, आणि त्याचा भार जिथे एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र बसवून शिकवतो त्या शाळा उचलतात.

मे २०१२ पासून राज्यात शिक्षक भरतीवर निर्बंध होते. त्याआधी खासगी अनुदानित संस्थांतील नेमणुका संस्थेच्या पातळीवर होत आणि ‘डोनेशन’ हा शब्द डी.एड.च्या वर्गांत उघडपणे उच्चारला जाई. जून २०१७ मध्ये पवित्र प्रणालीचा निर्णय झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिली शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी झाली. दोनशे गुणांच्या या चाचणीला उत्तीर्ण होण्याची वेगळी रेषा नाही. मिळालेल्या गुणांवर उमेदवाराचा क्रम ठरतो. पहिली ते आठवीसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते ती पात्रतेपुरती. ज्याच्या घरात देणगी देण्याची ऐपत नाही, त्याचा गुणानुक्रम वर असेल तर जिल्हा परिषदेची शाळा त्याला मिळते, ही साधी गोष्ट प्रत्यक्षात आणणे हे या पोर्टलचे मोठे यश आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

वापरणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर सर्वांत नाजूक टप्पा स्वप्रमाणपत्राचा. जात प्रवर्ग, समांतर आरक्षण (महिला, माजी सैनिक, दिव्यांग अशांसाठीचे), शैक्षणिक व व्यावसायिक अर्हता, माध्यम, टीईटीचे गुण ही सारी माहिती उमेदवार स्वतः भरतो आणि तिच्या आधारावरच त्याला कोणत्या पदांचे प्राधान्यक्रम दिसायचे ते ठरते. येथे एक नोंद चुकली तर हक्काचे पद यादीत उमटतच नाही, किंवा पुढे कागदपत्रांच्या पडताळणीत शिफारस हातची जाते. म्हणून हा अर्ज सायबर कॅफेतल्या माणसाच्या हाती सोपवू नये. मूळ प्रमाणपत्रे समोर ठेवून स्वतः भरावा. प्राधान्यक्रम लावतानाही अनेकजण ‘कुठे लागण्याची शक्यता जास्त’ याचा हिशेब मांडत बसतात. तो हिशेब व्यर्थ आहे, कारण गुणवत्तेनुसार उमेदवाराची पाळी आली की त्याच्या पसंतीक्रमातील जे वरचे पद उपलब्ध असेल तेथे त्याची शिफारस होते. जे खरोखर हवे तेच वर ठेवून मग क्रम लॉक करावा. सूचना ‘न्यूज बुलेटिन’ या भागात येत राहतात. त्यांची भाषा शासन निर्णयाच्या वळणाची असल्याने नवख्याला दोनदा वाचावी लागते.

खरी अडचण पोर्टलच्या अलीकडे आणि पलीकडे आहे. जाहिरात पोर्टलवर येण्याआधी संचमान्यता, म्हणजे पटसंख्येनुसार शाळेची शिक्षकपदे ठरवणे, व्हावी लागते, अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन (त्यांना रिकाम्या जागी नेमणे) उरकावे लागते आणि मग विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव याची नोंदवही, तपासून घ्यावी लागते. यांतील प्रत्येक पायरी आवश्यक आहे. बिंदुनामावलीशिवाय आरक्षणाला अर्थ उरत नाही. परंतु या पायऱ्या एकीमागून एक, जाहिरातीची वेळ आली की मगच चढल्या जातात. शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. म्हणजे येत्या तीन वर्षांत कोणत्या शाळेतील कोणते पद कोणत्या महिन्यात रिकामे होणार, याची बहुतांश माहिती जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत आजच सेवापुस्तकात नोंदलेली असते. तरीही पहिल्या चाचणीनंतर दुसरी चाचणी व्हायला फेब्रुवारी-मार्च २०२३ उजाडले, आणि त्या चाचणीवर आधारित पहिल्या शिफारशी फेब्रुवारी २०२४ मध्ये, शैक्षणिक वर्ष संपत आले असताना मिळाल्या. तिसरी चाचणी मे-जून २०२५ मध्ये झाली. अंतर कमी होत आहे हे खरे. पण पाच वर्षांच्या त्या खंडात कितीतरी डी.एड. धारकांनी दुसरा रस्ता धरला, आणि ते परत येणार नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ नुसार शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत. दोन शिक्षकी शाळेत एक पद रिकामे झाले की ते प्रमाण थेट ५० टक्के होते.

निवड झाल्यावर काय वाट्याला येते, हेही या सेवेचाच भाग मानले पाहिजे. नवा शिक्षक तीन वर्षे शिक्षण सेवक असतो, म्हणजे वेतनाऐवजी ठरावीक मानधनावर काम करतो. २०२३ मध्ये मानधन वाढवून प्राथमिकसाठी १६,००० रुपये, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० करण्यात आले. त्याआधी प्राथमिकचे मानधन ६,००० होते, त्यामुळे ही वाढ स्वागतार्हच. पण त्याच वर्षी जुलैमध्ये निवृत्त शिक्षकांना कंत्राटी तत्त्वावर २०,००० रुपयांवर घेण्याचा निर्णय झाला. निवृत्तिवेतन चालू असलेल्या शिक्षकापेक्षा, घरदार सोडून दूरच्या जिल्ह्यात रुजू झालेल्या तरुणाला चार हजार कमी, ही रचना मला अन्यायाची वाटते आणि ती बदललीच पाहिजे.

जिल्हा परिषदांच्या हातात काहीच नाही, असे मुळीच नाही. उमेदवार पसंती देतो ती जिल्हा परिषदेला; शाळा मिळते ती नंतरच्या समुपदेशनात, म्हणजे जिल्हा परिषदेने घेतलेल्या शाळावाटपाच्या बैठकीत. धडगाव, अक्कलकुवा, एटापल्ली, भामरागड या दुर्गम तालुक्यांतील शाळा कोणाच्या वाट्याला येणार हे तेथे ठरते. रिक्त शाळांची गावनिहाय यादी प्राधान्यक्रम भरण्याआधीच जाहीर केली, सोबत राहण्याची सोय, एसटीची फेरी आणि सोबतच्या शिक्षकांची संख्या दिली, तर जो येईल तो माहीत असून येईल आणि टिकेल. आदिवासी व नक्षलग्रस्त भागासाठी एकस्तर वेतनश्रेणीचा (एक पायरी वरच्या वेतनश्रेणीचा) लाभ २००२ पासून आहे, पण मानधनावरील शिक्षण सेवकाला मुळात वेतनश्रेणीच नसते. सर्वांत कठीण तीन वर्षे तो प्रोत्साहनाविना काढतो. त्याच्यासाठी मानधनावर वेगळा भत्ता हवा. माडिया किंवा पावरी या आदिवासी भाषा घरी बोलणाऱ्या मुलांच्या पहिलीच्या वर्गात ती भाषा जाणणारा शिक्षक असणे ही चैन नाही. मात्र चाचणीच्या दोनशे गुणांत या जाणकारीला कोठेच स्थान नाही, ही या निवडपद्धतीतील मला सर्वाधिक खटकणारी उणीव आहे.

शेवटी प्रतीक्षा यादीचा मुद्दा. शिफारस झालेला उमेदवार गैरहजर राहिला, अपात्र ठरला किंवा रुजू झाला नाही, तर ती जागा पुढच्या टप्प्याची वाट पाहत राहते. गुणानुक्रमाची यादी तयार असतेच. त्याच प्रवर्गातील पुढच्या पात्र उमेदवाराला ठरावीक दिवसांत आपोआप शिफारस पाठवण्याची तरतूद या प्रणालीत केली, तर नव्या जाहिरातीची वाट न पाहता जूनची शाळा भरताना ते पद भरलेले असेल.