क्षत्रप की हजारपती: इराणी दरबारात खरं वजन कोणाचं?

प्राचीन इराणच्या हखामनी साम्राज्यात क्षत्रप म्हणजे प्रांताचा रक्षणकर्ता. कर, न्याय, सैन्य सगळं त्याच्या हाती; राजा पहिल्या दारयवहूच्या बेहिस्तून शिलालेखात बॅक्ट्रियाच्या (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडचा प्रांत) क्षत्रपाचा उल्लेख आहे. हा शब्द आपल्याकडेही पोचला, नाशिकच्या लेण्यांत राजा नहपानाच्या नावाला तो जोडलेला आहे.

हजारपतीकडे मात्र प्रांत नव्हता. तो राजाच्या हजार अंगरक्षकांचा प्रमुख. पण राजाला भेटायचं तर बहुतेकांना त्याच्याच मार्फत जावं लागे, आणि माझ्या मते खरी ताकद तिथेच होती. क्षत्रप बंड करायचा तेव्हा राजधानीपर्यंत सैन्य आणावं लागे. हजारपती राजाच्या उशाशीच उभा. इ.स.पू. ४६५ मध्ये राजा झर्क्सीसचा खून झाला, तो अंगरक्षकांचा प्रमुख अर्ताबानूस याने केल्याचं ग्रीक इतिहासकार सांगतात.

तरी एकट्या हजारपतीचं फार काळ निभत नसे. अर्ताबानूसही लवकरच मारला गेला. क्षत्रपामागे प्रांताचा महसूल असे, माणसं असत.

इ.स.पू. ३३० मध्ये तर दोघे एकत्र आले: बॅक्ट्रियाचा क्षत्रप बेसस आणि हजारपती नबरझानीस. अलेक्झांडरपुढून पळणाऱ्या राजा तिसऱ्या दारयवहूला त्यांनी कैद केलं. त्यानंतर राजा म्हणवून घेतलं ते बेससने, नबरझानीसने नव्हे.