कोंढाळीजवळच्या प्लॉटवर ऑफ-ग्रिड सोलर : चौदा महिन्यांनंतर

ऑफ-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनशी न जोडलेल्या सोलरचा आमचा हा दुसरा संच. त्यात काय घेतलं ते आधी सांगतो. 540 वॅटची चार पॅनलं, 24 व्होल्टचा 3 केव्हीए एमपीपीटी (पॅनलांतून जास्तीत जास्त वीज काढून घेणारा) इन्व्हर्टर आणि 25.6 व्होल्ट 200 एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे साधारण 5 युनिटांची साठवण. स्ट्रक्चर, वायरिंग, अर्थिंग, लाइटनिंग अरेस्टर धरून 2 लाख 60 हजार पडले. बसवणारा नागपूरचाच, वर्धा रोडवरचा छोटा दुकानदार.

आमचा प्लॉट कोंढाळीच्या पुढे, अमरावती रोड सोडून साडेतीन किलोमीटर आत. लेआउटमध्ये अकरा मालक, राहणारी घरं चार. विकणाऱ्याने "सहा महिन्यांत खांब येतो" म्हटलं होतं. चार वर्षं झाली, खांब काही आला नाही. स्वतःच्या खर्चाने लाइन ओढायचा आकडा ऐकला आणि मी अन् बायकोने ठरवलं, विजेची वाट पाहायची नाही.

हिंमत खरं तर मुलाकडे अमेरिकेत अल्बुकर्कीला गेलो तेव्हा आली. त्याने न्यू मेक्सिकोतल्या ताओसजवळची अर्थशिपची, म्हणजे वीज-पाणी स्वतःच भागवणाऱ्या घरांची वस्ती दाखवली. सुमारे 2100 मीटर उंचीवरचं वाळवंट, झाडं कमरेइतकीच. जुन्या टायरांत माती ठोकून भिंती घातलेल्या, छतावरचं पावसाचं-बर्फाचं पाणी टाक्यांत धरलेलं, हात धुतलेलं पाणी घरातल्याच केळीला. मायकेल रेनॉल्ड्स या आर्किटेक्टने हे काम तिथे 1970 च्या दशकापासून चालवलंय. तिथली माणसं वायरीशिवाय राहतात, तर आपण का नाही, असं मनात धरून परतलो. एक गोष्ट मात्र तेव्हा ध्यानात आली नाही. तिथे भर उन्हाळ्यातही रात्री अंगावर शाल घ्यावी लागत होती. दिवसभर तापलेली वस्तू रात्री निवते. आपल्याकडे मे महिन्यात रात्री दोन वाजतासुद्धा भिंतीला हात लावला तर ती गरम असते. ऑफ-ग्रिडचा सगळा फरक इथे पडतो.

मी एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होतो. लेड-अॅसिड बॅटरी म्हणजे रोजचं काम. म्हणून पहिला संच घेतला तेव्हा 150 एएचच्या चार ट्युब्युलर (लेड-अॅसिडचाच एक प्रकार) बॅटऱ्या घेतल्या, दुसऱ्या एका दुकानातून. त्या माणसाने एकच प्रश्न विचारला, "बजेट किती?" बॅटऱ्या टिनाच्या खोलीत ठेवून दिल्या आणि गेला. मी दर पंधरा दिवसांनी पाणी बघत होतो. दुसऱ्या मे महिन्यात आठ दिवस नागपूरला लग्नात अडकलो आणि परतून झाकणं उघडली, तर पाणी प्लेटांच्या खाली. प्लेटांच्या कडा पांढुरक्या पडलेल्या, दोन सेलांत हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) वरच येईना. डिस्टिल्ड वॉटर घातलं, दोन दिवस चार्ज केलं, पण त्या बॅटऱ्या परत उठल्या नाहीत. लेड-अॅसिडचं गणित मला पाठ होतं : 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना आयुष्य जवळपास अर्धं. माहीत असून खोली बदलली नाही, याचं दुःख आजही आहे.

आताच्या दुकानदाराचा मुलगा आला तो वही घेऊन. "काका, रात्री काय काय चालवता ते सांगा. पैशाचं मंग पाहू." चार पंखे, 190 वॅटचा कूलर, छोटा फ्रिज, दिवे, एक एचपीची मोटर. त्याने आधी पंखे बदलायला लावले. 75 वॅटचे काढून 30 वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे. मोटर फक्त अकरा ते दोन, ऊन थेट वापरायचं. मग म्हणाला, "बॅटरीले पहिले सावली द्या, मंगच मी आणतो."

उत्तरेच्या बाजूला विटांची खोली बांधली. वर टिन, टिनावर पऱ्हाटीचा हातभर थर, वर-खाली जाळीच्या खिडक्या. बॅटरीतला बीएमएस, म्हणजे तिची राखण करणारं सर्किट, 55 अंशांवर चार्जिंग तोडतो. गेल्या मेमध्ये बाहेर 45 असताना बॅटरीने जास्तीत जास्त 41 दाखवले. चार्जिंग एकदाही तुटलं नाही.

पॅनलांचंही तेच. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, असं सगळ्यांना वाटतं. आमच्या मीटरवर डिसेंबरच्या दुपारी 1850 वॅट दिसतात, मे महिन्यात 1560. पॅनल तापलं की व्होल्टेज पडतं आणि वीज घटते, दर अंशाला साधारण 0.35 टक्के, आणि आपल्या उन्हात काच सत्तर अंशांपर्यंत जाते. तरी मेमध्ये दिवस मोठा असल्याने कूलर रात्रभर चालतो. बायकोच्या दृष्टीने संच पास झाला तो याच कारणाने.

ऑगस्टने मात्र परीक्षा घेतली. पाच दिवस सूर्य नाही, दिवसाला जेमतेम दीड-दोन युनिट. चौथ्या रात्री बॅटरी 18 टक्क्यांवर. फ्रिज बंद केला, मोटरसाठी शेजारच्यांचा जनरेटर आणला. ज्यांना असे दिवस नकोत त्यांनी आणखी दोन पॅनलं घ्यावीत, बॅटरी वाढवू नये. भरायलाच काही नसेल तर मोठी बॅटरी काय करणार?

काळ्या मातीवाल्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. स्ट्रक्चरचे खड्डे मुरूम लागेपर्यंत घ्या, नाहीतर पावसात माती फुगते आणि पाय हलतात. आणि उन्हाळ्यात जमीन भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा, जूनच्या विजा यायच्या आत.

केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचे 78 हजार मिळतात का, हे सगळेच विचारतात. ती सबसिडी महावितरणला जोडलेल्या सोलरसाठी आहे. खांबच नाही तिथे ती मिळत नाही.

दुकानदाराला पाचपैकी चार. एक कमी, कारण वांदरांनी एका पॅनलची वायर तोडली तेव्हा यायला त्याला नऊ दिवस लागले, आणि फोनवर रोज "उद्या" म्हणाला. आला तेव्हा काम नीट केलं, वायर पाइपमधून घेतली, पैसे घेतले नाहीत.

रविवारी सकाळी सहा वाजता मी पॅनलं धुतो, काच थंड असताना. दुपारी गरम काचेवर पाणी घालू नये, तडकू शकते. लेआउटमधल्या कोणाला संच बघायचा असेल तर त्याच वेळी या, बॅटरीची खोली उघडून दाखवतो.